खर्जाच्या तारा आणि ‘सुधारणे’चा हव्यास

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. शंभर-दीडशे वर्षांच्या वास्तूतले सागवानी छत उतरवून तेथे प्लास्टर ऑफ पॅरिसची नक्षी चढवली, चुन्याच्या भिंतींना चकचकीत रंग फासला, की कोनशिलेवर ‘जीर्णोद्धार’ असे कोरायला मंडळी मोकळी होतात. जुन्या ग्रँड पियानोंच्या वाट्यालाही नेमके हेच भाग्य येते. पेटीला आरशासारखे पॉलिश होते, हातोड्यांना नवे लोकरी फेल्ट लागते, पितळी बिजागऱ्या सोन्यासारख्या झळकू लागतात. आणि कारखान्याच्या बिलात मध्येच कोठेतरी एक ओळ असते: ‘खर्जाच्या तारांचा नवा संच, नग एक.’ आमचे भांडण त्या एका ओळीशी आहे.

प्रश्न अगदी साधे आहेत. हा संच कोणत्या मापाचा? ते माप कोणी ठरवले? जुन्या तारा उतरवण्यापूर्वी त्या कोणी मोजल्या का, आणि मोजल्या असतील तर ती मापे कोठे लिहून ठेवली आहेत? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते ते असे, की ‘ह्या लांबीच्या पियानोला जो संच बसतो तो बसवला’. कारागीर अधिक शिकलेला असेल तर उत्तर असे, की ‘मूळ मापे सदोष होती, आम्ही ती संगणकावर सुधारून घेतली’. पहिल्या उत्तरात आळस आहे, दुसऱ्यात अहंकार. आळसाची आम्हांला फारशी भीती वाटत नाही. त्याला हलवून जागे करता येते. अहंकार मात्र आकडेमोड हातात घेऊन येतो आणि समोरच्याला गप्प करतो. म्हणून आजचे हे लिखाण मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

आमचे म्हणणे असे. जुन्या ग्रँड पियानोच्या खर्जाच्या तारा केव्हातरी बदलाव्या लागतात, हे आम्हांला मान्य आहे. परंतु त्या बदलताना मूळ निर्मात्याने ठरवलेली गाभ्याची जाडी, वेढ्याची जाडी, वेढ्याचा धातू आणि वेढा जेथे सुरू होतो व जेथे संपतो ती ठिकाणे, हे सारे तारेगणिक मोजून जसेच्या तसे उतरवले पाहिजे. तसे न करता जे केले जाते त्याला दुरुस्ती म्हणा, नूतनीकरण म्हणा, हवे तर नवा पियानो म्हणा; जीर्णोद्धार म्हणू नका.

पियानोचे झाकण उघडून आत कधी न डोकावलेल्या वाचकांसाठी येथे थोडे मागे जावे लागेल. तार जितकी लांब, सैल आणि वजनदार, तितका तिचा स्वर खालचा, हा अनुभव प्रत्येक तंतुवाद्याचा आहे. त्याचे नेमके गणित मारँ मेर्सेन ह्या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर्मोनी युनिव्हर्सेल’ ह्या ग्रंथात मांडले. (मिनिम संघाचा हा संन्यस्त पुरुष पॅरिसच्या मठात राहून युरोपभरच्या विद्वानांशी पत्रव्यवहार करीत असे, ध्वनिशास्त्राचा पाया एका मठातल्या खोलीत घातला गेला, हे आपल्या वाचकांना ऐकायला आवडेल.) आता पियानोच्या अगदी वरच्या स्वराची तार सुमारे ५ सेंटिमीटर लांब असते. तिची कंपनसंख्या सेकंदाला ४१८६. सर्वांत खालच्या स्वराची २७.५. म्हणजे दीडशे पटींहून अधिक अंतर. तीच तार, तोच ताण ठेवून केवळ लांबीच्या बळावर खालचा स्वर मिळवायचा, तर साडेसात मीटरांहून लांब तार लागेल. एवढा पियानो ठेवायला दिवाणखाना नव्हे, वखार हवी! मोठ्यात मोठ्या मैफिलीच्या ग्रँडमध्येही सर्वांत लांब तार दोन मीटरांच्या आसपास असते. उरलेली उणीव वजनाने भरून काढावी लागते.

पण वजन वाढवायचे म्हणून नुसती जाड तार चढवली तर ती तार राहत नाही, सळई होते. सळईला ताठपणा असतो आणि ताठपणा नादाचा वैरी आहे. म्हणून बारीक पोलादी गाभ्याभोवती तांब्याची तार घट्ट गुंडाळण्याची युक्ती निघाली. वेढ्याने वजन येते, ताठपणा मात्र फारसा वाढत नाही. पियानोच्या डाव्या अंगाला ज्या तांबूस, जाड तारा दिसतात त्या ह्याच. सर्वांत खालच्या काही स्वरांना एकेक तार असते, त्यांच्या वरच्यांना दोन-दोन, आणि पुढे साध्या पोलादी तारांचा, तीन-तीनांचा मुलूख सुरू होतो.

एवढ्यावर कोणी म्हणेल, की वजन बरोबर जुळले आणि स्वर लागला म्हणजे काम झाले. गाभा थोडा कमी-जास्त असला तर बिघडले कोठे? सगळे बिघडते ते येथेच. कोणतीही तार छेडली की तिच्यातून एक स्वर निघत नाही. मूळ स्वराबरोबर दुपटीचा, तिपटीचा, चौपटीचा असे उपस्वर निघतात. तंबोऱ्याशी बसलेल्या माणसाला हे सांगायला नको. आदर्श तारेत हे उपस्वर बिनचूक पटीत असतात. खऱ्या तारेत ताठपणामुळे ते थोडे थोडे चढत जातात, वरचे अधिक चढतात. हे चढणे किती, हे गाभ्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून आहे. लांबी आणि ताण तोच ठेवून गाभा शेकडा १० ने जाड केला, तर उपस्वरांचे ढळणे शेकडा ४६ ने वाढते. शेकडा १० म्हणजे किती? एक मिलिमीटरच्या गाभ्यात एक मिलिमीटरचा दहावा भाग. डोळ्याला हा फरक दिसत नाही. कानाला दिसतो.

आणि खर्जात तो सर्वांत अधिक दिसतो, कारण सर्वांत खालच्या स्वरांचा मूळ नाद आपल्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. पियानोचा साउंडबोर्ड इतकी संथ कंपने जोमाने हवेत टाकू शकत नाही, आणि आपला कानही तेथे मंद असतो. आपण ऐकतो ते उपस्वर. त्यांच्यावरून मूळ स्वर मन आपल्या आपण उभा करते. म्हणजे खर्जाचा सारा चेहरा उपस्वरांचा बनलेला आहे. ते कसे पसरायचे हे निर्मात्याने गाभ्याची जाडी ठरवताना ठरवून टाकलेले असते. ती जाडी बदलणे म्हणजे भिंतीचा रंग बदलणे नव्हे, पायाच हलवणे होय.

हे सारे जेथे स्पष्ट दिसते असे एक उदाहरण घेऊ: पॅरिसच्या एरार घराण्याचे ग्रँड पियानो. सेबास्तियाँ एरार (१७५२–१८३१) हा स्ट्रासबर्गचा. ‘अग्राफ’ म्हणून ओळखला जाणारा पितळी तुकडा, ज्याच्या छिद्रातून तार ओवलेली असते, तो १८०८ साली त्याने आणला. आणि पडदा पुरता न उठताही तोच स्वर पुन्हा वाजवता येईल अशी हातोडीची योजना १८२१ साली. आजचा प्रत्येक ग्रँड पियानो ही दुसरी देणगी वापरतो. बारा वर्षांचा लिस्ट १८२४ मध्ये एरारच्याच पियानोवर वाजवून लोकांना चकित करीत होता. पुढे १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टाइनवेने ग्रँड पियानोत खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या नेण्याचे पेटंट घेतले, आणि हळूहळू सर्व जग त्या वाटेने गेले. एरार गेले नाहीत. विसावे शतक उजाडल्यावरही त्यांच्या ग्रँडमध्ये साऱ्या तारा एकमेकींना समांतर, सरळ जात होत्या. मोरिस राव्हेल ज्या घरात १९२१ पासून राहिला त्या माँफोर-लामोरी येथील घरात त्याचा पियानो आजही आहे, तोही एरारच.

सरळ तारांच्या ह्या पियानोचा खर्ज स्टाइनवेच्या खर्जासारखा घनगंभीर, सगळ्यांना पोटात घेणारा नसतो. तो कोरडा नव्हे पण मोकळा असतो. खालच्या सप्तकात दाट स्वरगुच्छ वाजवला तरी त्यातला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. मधले सप्तक वेगळ्या रंगाचे, वरचे आणखी वेगळ्या. फ्रेंच संगीतकारांनी खर्जात जे दाट लिहिले आहे ते हा मोकळेपणा गृहीत धरून लिहिले आहे. आता ह्या पियानोवर आधुनिक, जाड गाभ्याचा, भरघोस वेढ्याचा संच चढवा. खर्ज ‘भरदार’ होतो खरा. गिऱ्हाईक खूश होते. पण तिरप्या तारांच्या पियानोचा आवाज त्यातून निघत नाही, कारण तशी घोडी नाही, तसा साउंडबोर्ड नाही, तसा एकसंध ओतीव लोखंडी सांगाडा नाही. आणि एरारचा आवाजही निघत नाही, कारण तो आपण पुसला. उरतो तो कोणाचाच नसलेला, फुगलेला एक गोंगाट. मिरजेच्या कारागिराकडे तंबोरा दुरुस्तीला न्यावा आणि त्याने खर्जाची पितळी तार काढून तिच्या जागी ‘टिकाऊ’ म्हणून जाड पोलादी तार चढवावी, तर गवई काय म्हणेल? मिरजेत असे कोणी करणार नाही. पियानोच्या बाबतीत मात्र हे राजरोस चालते आणि वर त्याची जाहिरात होते.

प्रश्न केवळ आवाजाचा नाही. एरारच्या एकोणिसाव्या शतकातील अनेक पियानोंचा सांगाडा म्हणजे लाकडी चौकट आणि तिला बळ देणारे सुटे लोखंडी दांडे, असा आहे. तारेची एकूण जाडी शेकडा ५ ने वाढली की वजन सुमारे शेकडा १० ने वाढते. स्वर तोच ठेवायचा तर ताणही तितकाच वाढवावा लागतो. हे ओझे घोडीवर, खुंट्यांच्या फळीवर आणि साउंडबोर्डवर पडते. घोडीवरच्या खिळ्यांच्या रांगेत चीर जाते, साउंडबोर्ड दबतो, आणि मग तोच कारखाना दुसरे बिल पाठवतो.

आता सुधारकांचे युक्तिवाद पाहू. ते म्हणतात, की जुन्या निर्मात्यांना हे गणित येत नव्हते. आज त्यांच्या हाती संगणक असता तर त्यांनी आम्ही करतो तेच केले असते. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपले मत घालण्याइतके सोपे काम दुसरे नाही. ह्या निर्मात्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कानाने, हाताने आणि अनुभवाने तारा, हातोड्या व साउंडबोर्ड एकमेकांशी जुळवले. एखाद्या तारेचा ताण शेजारणीपेक्षा कमी दिसला तर ती चूकच असेल असे कशावरून? तेथे साउंडबोर्ड अधिक बोलका असेल. तेथे हातोडी जड असेल. आलेखावरची रेषा गुळगुळीत झाली म्हणजे नाद गोड झाला, असे म्हणणारा माणूस आलेख ऐकतो आहे, पियानो नव्हे.

दुसरा युक्तिवाद अधिक धूर्त आहे. ‘तुम्ही ज्यांना मूळ तारा म्हणता त्या तरी मूळ कशावरून? शंभर वर्षांत त्या दोनदा बदलल्या असतील.’ असतील. मग पुरावा शोधण्याचे काम वाढले, टळले नाही. गाभा षट्कोनी असेल तर शंकेला जागा आहे, कारण तसा गाभा विसाव्या शतकात रूढ झाला. जुन्या तारा गोल गाभ्याच्या, आणि वेढा सुटू नये म्हणून त्याच्या टोकांशी गाभा किंचित चपटा ठोकलेला. काही निर्माते तारांचे क्रमांक घोडीशेजारी किंवा खुंट्यांच्या फळीवर लिहून ठेवीत. धूळ पुसली की ते वाचता येतात. अग्राफच्या छिद्रांचे माप असते. त्याच निर्मात्याचा, त्याच नमुन्याचा, जवळच्या अनुक्रमांकाचा दुसरा पियानो कोठेतरी असतो. ह्यांतले काहीही न पाहता ‘मूळ मापे कळणे शक्य नाही’ म्हणणारा कारागीर त्या वकिलासारखा आहे, जो कागद न उघडताच पक्षकाराला तडजोड करायला सांगतो.

षट्कोनी गाभ्याविषयी येथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण प्रामाणिक माणसेही तेथे फसतात. समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर एक मिलिमीटर असलेला षट्कोनी गाभा आणि एक मिलिमीटर व्यासाचा गोल गाभा हे मायक्रोमीटरवर सारखे दिसतात. पण षट्कोनात पोलाद शेकडा १० ने अधिक भरते. मागणीपत्रावर तोच आकडा, तारेत वेगळे वजन आणि वेगळा ताठपणा. म्हणून मागणीपत्रावर आकड्याशेजारी ‘गोल’ हा एक शब्द लिहिला पाहिजे. तो लिहायला शाई किती लागते?

मापे हरवली म्हणजे काय होते ह्याचे सर्वांत दुःखद उदाहरण पियानोच्या जन्मापाशीच आहे. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने फ्लॉरेन्समध्ये १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवले. त्याच्या हातचे तीन पियानो उरले आहेत: १७२० चा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, १७२२ चा रोममध्ये, १७२६ चा लाइपझिगमध्ये. ह्यांतला पहिला, म्हणजे सर्वांत जुना, वाजवता येतो. परंतु त्याचा साउंडबोर्ड १९३८ साली बदलला गेला, आणि त्याआधी त्याचे स्वरक्षेत्रही सरकवले गेले होते. तो आज जे बोलतो ते क्रिस्तोफोरीचे बोलणे आहे काय, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. ज्यांनी ते काम केले त्यांचा हेतू वाईट नव्हता. वाद्य वाजते व्हावे एवढीच त्यांची इच्छा होती. आमच्या कारागिरांचीही तीच असते.

ही तुलना कोणी अतिशयोक्त म्हणेल. कोठे क्रिस्तोफोरी आणि कोठे १८९० च्या आसपासचा कारखान्यात बनलेला ग्रँड! पण आज त्या कारखान्यांची काय स्थिती आहे ते पाहा. एरारचे नाव १९६० च्या सुमारास गाव्होच्या आणि मग प्लेयेलच्या पदरात गेले. प्लेयेलचा सँ-देनीचा कारखाना २०१३ च्या अखेरीस बंद झाला. लाइपझिगचा ब्ल्यूथनरचा कारखाना डिसेंबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. तो पुन्हा उभा राहिला आणि आजही पियानो बनवतो, परंतु अनेक लहान निर्मात्यांच्या नशिबी तेही नव्हते. अशा निर्मात्याला पत्र लिहून मापे मागवता येत नाहीत. त्याच्या मापांचा एकमेव कागद म्हणजे पियानोवर ताणलेली ती गंजलेली तार. तीच आपण वजनावर भंगारात देतो!

मापे कशी घ्यावीत हे आम्ही मुद्दाम विस्ताराने लिहितो, म्हणजे ‘हे फार अवघड असते’ ही सबब पुढे करता येणार नाही. तारा ढिल्या करण्यापूर्वी खर्जाच्या साऱ्या रांगेवर मोठा कागद पसरून पेन्सिलीने घासून ठसा घ्यावा. नाण्यावर कागद ठेवून मुले घेतात तसा. त्यात अग्राफ, घोडीवरचे खिळे, वेढ्याची सुरुवात आणि शेवट हे सारे आपोआप उमटते. ही शेवटची दोन ठिकाणे क्षुल्लक नाहीत. वेढा काही मिलिमीटर पुढे जाऊन खिळ्याला भिडला तर तार कुरकुरते किंवा मुकी होते. तो मागेच थांबला तर उघड्या गाभ्याची लांबी वाढते आणि उपस्वर पुन्हा ढळतात. ठसा झाल्यावर प्रत्येक तार उतरवताना तिला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी. मग मायक्रोमीटरने गाभा उघड्या टोकाशी मोजावा, आणि वेढा एकाच नव्हे तर चार-पाच ठिकाणी, कारण हातोडीच्या माऱ्याखाली तांबे झिजते व चपटते. सर्वांत खालच्या तारांवर कधी वेढ्यावर वेढा असतो; तेथे आतला वेढा बाहेरच्याच्या पलीकडे किती डोकावतो तेही टिपावे. आणि शेवटी नाजूक तराजूवर तार तोलावी. झिजलेला व्यास खोटे बोलतो. वजन सहसा बोलत नाही. वेढा तांब्याचा आहे, पितळेचा की लोखंडाचा, हे पाहायला विसरू नये. लोखंड तांब्यापेक्षा हलके. लोखंडी वेढ्याचा व्यास तसाच घेऊन तांबे गुंडाळले तर तार मुळापेक्षा जड होते आणि तिचा ताण निष्कारण वाढतो.

इतके झाल्यावर सारे आकडे एका खाली एक लिहून काढावेत, आणि येथे संगणकाला बोलवायला आमची हरकत नाही. लांबी, वजन आणि कंपनसंख्या दिली की तो प्रत्येक तारेचा ताण सांगतो. एखादा आकडा रांगेतून फटकून वागत असेल तर त्या तारेकडे पुन्हा जावे. ती नंतर कोणीतरी बदललेली असू शकते; मोजण्यात घाई झाली असू शकते; किंवा निर्मात्यानेच तसे ठरवलेले असू शकते. कोणते खरे, हे तार हातात घेऊनच कळते. आंधळी नक्कल करा असे आम्ही कधीच म्हटलेले नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या ट्यूनरने जी सापडली ती तार चढवली, तर तिची प्रतिष्ठापना करण्याचे कारण नाही.

आमच्या किनाऱ्याचा येथे खरा संबंध येतो. मुंबई, वसई, पणजी, मडगाव येथल्या जुन्या घरांतून, शाळांतून, सभागृहांतून ब्रिटिश आणि जर्मन बनावटीचे पियानो एके काळी पुष्कळ होते, काही अजून आहेत. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस ह्यांचा पहिला बळी म्हणजे ह्या वेढ्याच्या तारा. तांब्यावर हिरवट थर चढतो, वेढ्यांच्या फटींत ओल आणि धूळ मुरते, आणि तारेचा आवाज लाकडावर टकटक केल्यासारखा येऊ लागतो. अशी मेलेली तार ‘मूळ आहे’ म्हणून कवटाळून बसणारेही आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्याशीही आमचे पटत नाही. निर्मात्याची कृती त्याच्या मापांत आहे. कुजलेल्या तांब्यात ती बसलेली नाही. मात्र नव्या तारा मागवण्यापूर्वी एक उपाय करून पाहावा: तार ढिली करून, तिचा सैल फास करून तो फास तारेच्या लांबीभर फिरवावा, म्हणजे फटींतला मळ सुटतो, मग वेढ्याच्या दिशेने तिला एक पीळ देऊन पुन्हा चढवावी. पुष्कळदा ती बोलू लागते. उघड्या टोकाशी तुटलेल्या तारेलाही नव्या तारेचा तुकडा गाठ मारून जोडता येतो आणि जुना वेढा वाचतो. दुतारी स्वरातली एकच तार बदलून दुसरी जुनी ठेवायची असेल, तर नवीचा गाभा जुन्याशी तंतोतंत जुळलाच पाहिजे. नाहीतर मूळ स्वर जुळला तरी उपस्वर भांडत राहतात, आणि ट्यूनर बिचारा खुंटी फिरवून थकतो.

स्वरपट्टीचाही हिशेब ठेवावा लागतो. फ्रान्सने १८५९ मध्ये ‘ला’ची कंपनसंख्या ४३५ ठरवली, व्हिएन्नाच्या परिषदेने १८८५ मध्ये तीच स्वीकारली. आजची ४४० ही १९३९ च्या लंडन परिषदेची. ४३५ साठी आखलेला पियानो ४४० वर चढवला की सर्व तारांचा ताण शेकडा २.३ ने वाढतो. एकूण ताण १८ टनांचा असेल तर ही वाढ चारशे किलोंच्या घरात जाते. ज्याचा सांगाडा दुबळा आहे अशा जुन्या वाद्याला हे झेपत नसेल तर ते ४३५ वरच राहू द्यावे. व्हायोलिनवाल्याने थोडे उतरून घेतले तर त्याचे काही जात नाही.

तडजोडीला जागाच नाही असे नाही. १९१० ते १९३० च्या दरम्यान पुष्कळ बुटके ग्रँड घाईने आणि काटकसरीने बनले. त्यांत वेढ्याच्या तारा संपून साध्या सुरू होतात तेथे आवाजाची एवढी ठळक पायरी असते, की आंधळ्यालाही ठेच लागावी. शाळेत मुलांना शिकायला असा पियानो हवा असेल, आणि कारागिराने त्या सीमेवरच्या दोन-चार स्वरांना साध्याऐवजी वेढ्याच्या तारा दिल्या, तर आम्ही त्याला दोष देणार नाही. त्याने एवढेच करावे: काय होते आणि काय केले हे लिहून पियानोत ठेवावे, आणि त्या कामाला त्याचे खरे नाव द्यावे. ‘पण जुन्या जातीची तार आता मिळत नाही’ ही तक्रारही फोल आहे. फ्रान्समध्ये स्तेफान पोलेलो ह्यांनी जुन्या पियानोंसाठी कमी-अधिक मजबुतीच्या निरनिराळ्या जातींच्या तारा बनवून विकायला ठेवल्या आहेत. वेढा घालून देणारे कारागीर युरोपात आणि अमेरिकेत आहेत. ते जुनी तार किंवा कागदावरचा ठसा मागतात. पाठवणाऱ्याने पाठवला नाही, तर ते बिचारे अंदाजाने गुंडाळतात.

म्हणून आमचा रोख शेवटी पियानोच्या मालकाकडे आणि संस्थांच्या विश्वस्तांकडे आहे. पॉलिशची छटा निवडायला ही मंडळी तीन-तीन वेळा कारखान्यात जातात. खर्जाच्या तारांविषयी मात्र एक प्रश्न विचारत नाहीत. काम देण्यापूर्वी त्यांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: तारा उतरवण्यापूर्वीचा कागदी ठसा, प्रत्येक तारेची जुनी आणि नवी मापे शेजारी-शेजारी दाखवणारा तक्ता, आणि उतरवलेल्या सर्व तारा, चिठ्ठ्यांसह, वेटोळी करून कापडात बांधलेल्या. ते गाठोडे पियानोच्या खालच्या बाजूला, दांड्यांच्या मधल्या पोकळीत, सहज मावते. ह्या तीन गोष्टींसाठी कारागिराने अधिक मजुरी मागितली तर ती द्यावी, कारण दोन-तीन दिवसांचे बारीक काम आहे. आणि तो म्हणाला की जुन्या तारा त्याने आधीच भंगारवाल्याला दिल्या, तर उरलेले पैसे देण्यापूर्वी ‘जीर्णोद्धार’ हा शब्द त्याच्या बिलातून त्याच्याच हाताने खोडून घ्यावा.